ऑटोपायलट चालू, चौघं कॉकपिटमध्ये, मग उंची गेली कुठे?

ग्राउंडक्लास_गोंदिया विचारते:

नमस्कार मंडळी. मी सध्या ग्राउंड क्लासेस करतेय, प्रत्यक्ष उड्डाण अजून सुरू व्हायचंय. काल सरांनी १९७२चा ईस्टर्न ४०१चा (अमेरिकेच्या ईस्टर्न एअरलाइन्सची फ्लाइट ४०१) अपघात शिकवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २९ डिसेंबरच्या रात्री न्यूयॉर्कहून मायामीला आलेलं ट्रायस्टार. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना, म्हणून उतरणं रद्द केलं, २,००० फुटांवर ऑटोपायलट लावला आणि सगळे दिव्याच्या मागे लागले. विमान हळूहळू खाली येत एव्हरग्लेड्सच्या दलदलीत गेलं. १७६ जणांपैकी १०१ दगावले. चाक तर खाली येऊन लॉक झालेलंच होतं.

मला कळत नाही ते हे. कॉकपिटमध्ये चार माणसं होती, समोर उंची दाखवणारे अल्टीमीटर होते, उंची सुटल्याची घंटासुद्धा वाजली. तरी एकालाही कसं दिसलं नाही? माझी रूममेट म्हणते की तेव्हाची यंत्रं जुनाट होती, आता असं होऊच शकत नाही, उगाच आपल्याला 'वन थाउजंड टू गो' (ठरलेल्या उंचीला हजार फूट राहिले) वगैरे घोकायला लावतात. मला ते पटत नाही, पण तिला उत्तरही देता येत नाही.

आणि आपल्याकडे असं काही झालंय का? ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी सांगा प्लीज. 'विकिपीडिया वाच' असं सांगू नका, वाचून झालंय.

---

राजहंस_७०७:

निष्काळजीपणा, दुसरं काय! दिव्यासाठी चार चार माणसं लागतात का? आपल्याकडेही २०२३च्या होळीला दोन पायलटांनी कॉकपिटमधल्या मधल्या पॅनलवर कॉफीचा कप आणि गुजिया ठेवून फोटो काढले होते, कंपनीने दोघांना घरी बसवलं. माणसाचं लक्षच नसतं कामात.

---

सांताक्रूझचा_म्हातारा:

राजहंस, निष्काळजी माणसं दिव्याच्या मागे लागत नाहीत हो. ती 'बघू, उतरलं की कळेल' म्हणून उतरतात. ही माणसं नको तितकी काळजी घेत होती, फक्त एकाच गोष्टीची. कॅप्टन जवळजवळ तीस हजार तास उडालेला होता.

गोंदियाकर मुली, मी नोकरीभर रडारसमोर बसलो, कॉकपिटमध्ये नाही. त्यामुळे ही हकीकत मला नेहमी पलीकडच्या खुर्चीतून दिसते, आणि पुस्तकात जिचा एका ओळीत उल्लेख येतो ती जागा मला सगळ्यात मोठी वाटते. तिथे येतोच.

आधी तुझे चौघे. कॅप्टनने को-पायलटला ऑटोपायलट लावायला सांगितलं. को-पायलटने दिव्याचं भिंग काढलं, ते परत बसवताना वाकडं अडकलं, झालं, दोघंही त्या भिंगात. फ्लाइट इंजिनिअरला कॉकपिटच्या खालच्या यंत्रांच्या कोठडीत पाठवलं, तिथल्या एका नळीतून चाकाची खूण दिसते ती बघायला. खाली मिट्ट काळोख, त्याला काही दिसेना. चौथा कंपनीचाच मेंटेनन्सचा माणूस, जादा सीटवर बसून चालला होता. तोही इंजिनिअरच्या मागोमाग खाली उतरला. आता तूच सांग, विमान कोण बघत होतं? प्रत्येकाला वाटत असणार की दुसरा बघतोय, आणि सगळ्यांना मिळून वाटत असणार की ऑटोपायलट बघतोय. 'तू दिव्याकडे बघू नकोस, तू फक्त उंची बघ' असं एकालाही सांगितलेलं नव्हतं. चार माणसं असणं हीच तिथे अडचण झाली. एकटा असता तर त्याने मधूनच वर पाहिलं असतं.

ऑटोपायलटचं असं होतं की समोरच्या दांड्यावर पुरेसा दाब पडला की उंची धरून ठेवायचं काम सुटायचं, बाकी ऑटोपायलट चालूच. त्या दांड्याला नकळत दाब लागला असावा, असं एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, मानलं. उतार इतका मंद होता की अंगाला जाणवणार नाही. बाहेर चंद्र नाही, दलदलीवर एक दिवा नाही. घंटा वाजली ती २५० फूट घसरल्यावर, इंजिनिअरच्या जागेपाशी. इंजिनिअर खाली.

आता माझी जागा. मायामीच्या अप्रोच कंट्रोलरच्या पडद्यावर त्या विमानासमोर ९०० हा आकडा आला. त्याने विचारलं, तिकडे कसं काय चाललंय? विमानातून उत्तर आलं की आम्ही वळून परत येतो. त्याने वळण दिलं. अर्ध्या मिनिटात सगळं संपलं.

मी त्या कंट्रोलरला दोष देत नाही. त्या काळच्या रडारवर उंचीचा आकडा मध्येच चुकीचा येऊन परत जागेवर जायचा, त्याच्याकडे दुसरी विमानं होती, आणि उत्तर देणाऱ्याच्या आवाजात घबराट नव्हती. विमानाला जमिनीपासून लांब ठेवणं हे तेव्हा त्याच्या कामाच्या यादीतही नव्हतं. पण नवी पोरं शिकायला आली की मी इथे गाडी थांबवायचो. 'कसं काय' विचारलंस तर माणूस त्याच्या डोक्यात जे चाललंय त्याचं उत्तर देणार. त्यांच्या डोक्यात दिवा होता, त्यांनी दिव्याचं उत्तर दिलं. ते खोटं बोलले नाहीत. तुला उंचीची शंका आली ना? मग उंची विचार. 'कन्फर्म लेव्हल', दोन शब्द. समोरच्याला आकडा वाचायला यंत्राकडे बघावंच लागतं, आणि बघितलं की पुढचं तो करतो. त्या रात्री शेवटच्या काही सेकंदांत को-पायलट म्हणाला, आपण उंचीचं काहीतरी केलंय. कॅप्टन म्हणाला, काय? मग, अजून दोन हजारावरच आहोत ना आपण? हाच प्रश्न अर्ध्या मिनिटापूर्वी बाहेरून यायला हवा होता.

त्यानंतर अमेरिकेत रडारलाच विमान फार खाली आलं की कंट्रोलरला इशारा देणारी सोय बसवली. आता ती जगभर आहे आणि वाक्यही ठरलेलं आहे: 'लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युअर अल्टिट्यूड इमिजिएटली', आणि लगेच क्यूएनएच, म्हणजे अल्टीमीटरला लावायचा स्थानिक हवेचा दाब. यात 'कसं काय'ला जागाच ठेवलेली नाही. सभ्यपणा गेला चुलीत.

आपल्याकडचं विचारलंस. १२ नोव्हेंबर १९९६, हरियाणातलं चरखी दादरी. दिल्लीहून निघालेलं सौदीचं ७४७ चढत होतं, त्याला १४,००० फुटांपर्यंत परवानगी. समोरून कझाकस्तानचं इल्युशिन ७६ उतरत होतं, त्याला १५,००० वर थांबायचं होतं. दिल्लीच्या कंट्रोलरने दोघांना दिलेले आकडे बरोबर होते, समोरून ७४७ येतंय हेही त्याने इल्युशिनला सांगितलं होतं. इल्युशिन १५,००० सोडून खाली गेलं. ३४९ माणसं, दोन्ही विमानांत मिळून एकही वाचलं नाही.

न्यायमूर्ती लाहोटींनी चौकशी केली, जबाबदारी इल्युशिनवर आली. पण त्या कॉकपिटची मांडणी बघ. पाच माणसं. रेडिओवर बोलायला वेगळा ऑपरेटर. सूचना तो ऐकणार, परत वाचून तो दाखवणार, आणि त्याच्या जागेसमोर उंची दाखवणारं यंत्रच नाही. वैमानिकांच्या खांद्यावरून वाकून बघायचं. म्हणजे ज्याने आकडा नीट ऐकला त्याच्या हातात दांडा नाही, आणि ज्यांच्या हातात दांडा त्यांना इंग्रजी जेमतेम. शिवाय त्यांच्या देशात उंची मीटरमध्ये मोजायची सवय. अगदी शेवटी तो ऑपरेटर ओरडला की १५० वर (म्हणजे १५,००० फुटांवर) राहा, खाली जाऊ नका. पायलटने वर ओढलं, आणि टक्कर झाली.

दिल्लीच्या रडारवर तेव्हा नुसता ठिपका दिसायचा, उंची दिसत नसे. कंट्रोलरला उंची कळायची ती पायलटच्या तोंडून. येणारी आणि जाणारी विमानं एकाच पट्ट्यातून. नंतर उंची दाखवणारं रडार आलं, येण्याजाण्याचे मार्ग वेगळे झाले, आणि आपल्याकडे येणाऱ्या विमानांना टक्करविरोधी टीकॅस सक्तीचं झालं. तुझ्या रूममेटला सांग, ही यंत्रं आकाशातून पडलेली नाहीत.

---

पाना_आणि_टॉर्च:

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) आहे म्हणून फक्त दिव्यापुरतं बोलतो. त्या दिव्यात एक नाही, दोन बल्ब होते आणि दोन्ही गेलेले होते. एक आधीच कधीतरी गेला असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार, कारण दुसऱ्यावर दिवा लागतच होता. मला या अपघातात हेच जास्त खटकतं. जोडीतला पहिला गेला की काहीच दिसत नाही, सगळं हिरवंगार.

आता एअरबस ३२०मध्ये चाकांची खबर दोन वेगळ्या संगणकांकडून येते आणि पडद्यावर प्रत्येक चाकासाठी दोन त्रिकोण दिसतात. प्रत्येक चाकाचा एक तरी त्रिकोण हिरवा असेल तर चाक खाली आणि लॉक, विषय संपला. भिंग काढणं नाही, खाली कुणाला पाठवणं नाही. चांगल्या डिझाइनचा अर्थ माझ्या दृष्टीने इतकाच की शंका लवकर मिटली पाहिजे.

---

उजवी_सीट:

मी फर्स्ट ऑफिसर आहे, एअरबसवर. ताई, तुझ्या रूममेटला माझ्याकडून एक गंमत सांग. ट्रायस्टारमधल्या त्या घंटेला सी-कॉर्ड म्हणायचे आणि ती २५० फुटांच्या फरकाला वाजायची. आमच्या विमानातही निवडलेल्या उंचीपासून २५० फूट सरकलं की जी वाजते ती सी-कॉर्डच. पन्नास वर्षांत घंटा तीच राहिली. ती ऐकून कोण वर बघणार, हे मात्र आता कागदावर लिहिलेलं असतं.

एक जण पायलट फ्लाइंग, दुसरा पायलट मॉनिटरिंग. काही बिघाड झाला की पहिलं वाक्य 'आय हॅव कंट्रोल', आणि चेकलिस्ट दुसऱ्याने काढायची. ज्याच्याकडे विमान, त्याने त्या चेकलिस्टमध्ये डोकं घालायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. (हात शिवशिवतात. विशेषतः डाव्या सीटवरच्यांचे, म्हणजे कॅप्टनचे.) एटीसीने (खालच्या कंट्रोलरने) नवी उंची दिली की एक जण रेडिओवर परत वाचतो, दुसरा पॅनलवरच्या छोट्या खिडकीत आकडा फिरवतो, मग दोघंही बोट दाखवून तो आकडा मोठ्याने म्हणतात. हजार फूट राहिले की 'वन टू गो'. बाहेरच्या माणसाला हे पोरखेळ वाटतील. पण चरखी दादरीत ऐकणारा आणि उडवणारा यांच्यात जी फट होती ती या बोटानेच बुजते.

त्या ट्रायस्टारसारखं धक्का लागून गुपचूप उंची सुटणं आमच्याकडे अवघड आहे. साइडस्टिक जोरात ढकलली तर ऑटोपायलट असा ठणाणा करत सुटतो की मेलेला उठेल. आमचे धोके वेगळे आहेत. मुंबईला उतरताना वारा फिरला, २७ ऐवजी १४ धावपट्टी मिळाली, आता संगणकात सगळं नव्याने भरायचं. दोघांचीही मान खाली जाते ती इथे. त्यात केबिनमधून फोन की अमक्या सीटवरच्या आजोबांना व्हीलचेअर लागेल, कंपनीचा मेसेज की पुढच्या फ्लाइटला उशीर, आणि एटीसी नेमकं तेव्हाच उंची देणार. १०,००० फुटांखाली कामाशिवाय बोलायचं नाही, केबिननेही सुरक्षेचं काही नसेल तर फोन करायचा नाही, हा 'स्टराइल कॉकपिट'चा नियम. तो अमेरिकेत १९८१ साली आला, आणि त्यामागे ईस्टर्नचाच आणखी एक अपघात होता: १९७४, शार्लट, धुक्यात उतरताना कॉकपिटमध्ये राजकारण आणि जुन्या मोटारींच्या गप्पा चालल्या होत्या. ७० हून जास्त माणसं गेली.

राजहंस, गुजियाचा प्रकार वर क्रूझमध्ये झाला होता. तिथे माझी काळजी कपातल्या कॉफीची, ती मधल्या पॅनलवर सांडली तर काय काय बंद पडेल याची. गुजियाला मी माफ करेन.

आणि ताई, 'नवीन यंत्रांत होऊच शकत नाही' याला उत्तर म्हणजे १४ फेब्रुवारी १९९०. मुंबईहून बेंगळुरूला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५, तेव्हाचं कोरं करकरीत एअरबस ३२०. चौकशीत पुढे आलेली दाट शक्यता अशी की उतरण्याचा वेग मिनिटाला ७०० फूट ठेवायचा होता, पण फिरवली गेली ती शेजारची उंचीची कळ. उंची ७०० फूट निवडली गेली, इंजिनं आयडलवर, म्हणजे अगदी कमी जोरावर गेली, विमानाचा वेग घटत गेला, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटलं. १४६ पैकी ९२ गेले. यंत्राने सांगितलेलं तंतोतंत केलं. म्हणून फिरवल्यावर कळीकडे न बघता समोरच्या पडद्यावर मोड काय आला ते वाचायचं आणि मोठ्याने म्हणायचं. हे घोकूनच येतं, दुसरा मार्ग नाही.

---

ग्राउंडक्लास_गोंदिया:

बाप रे, एवढं सविस्तर! सगळ्यांचे आभार. रूममेटला वाचून दाखवलं, बेंगळुरूला ती गप्प झाली.

काकांना एक प्रश्न. क्यूएनएचच चुकीचा लावला तर? दोघांचेही अल्टीमीटर एकसारखेच चुकतील ना? मग एकमेकांचं तपासून काय उपयोग?

---

सांताक्रूझचा_म्हातारा:

शाबास. हा प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत, आणि विचारायला हवा.

दोघांनी एकच चुकीचा आकडा ऐकला तर आपसात ताळा तंतोतंत जुळणार, आणि दोघंही चुकीचे. मुंबईचंच घे. वरून येताना सगळ्यांचे अल्टीमीटर १०१३ या ठरलेल्या प्रमाण दाबावर असतात. जुलैत मुंबईचा दाब तेवढा नसतो, १०००च्या आसपास घुटमळतो. दाबाच्या एका हेक्टोपास्कलला साधारण २७ ते ३० फूट. क्यूएनएच १००० असताना १०१३ बदलायचा राहून गेला, तर यंत्र ३,००० दाखवेल तेव्हा तू खरी २,६५०च्या जवळपास. पावसाळ्यातच ढग चुकवायची धांदल, पावसाळ्यातच दाब कमी, आणि खाली डोंगर. तिन्ही गोष्टी हातात हात घालून येतात.

पण इथे खालच्या माणसाचा उपयोग होतो. तू अल्टीमीटरला काहीही लाव, तुझा ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारं विमानातलं यंत्र) आम्हाला १०१३ धरूनच उंची पाठवतो. स्थानिक क्यूएनएचचा हिशेब आमचा संगणक करतो. त्यामुळे तुझ्या कॉकपिटमध्ये दोन्ही यंत्रं एकमुखाने चुकली तरी माझ्या पडद्यावर खरा आकडा येतो. तू म्हणणार '३,००० मेंटेनिंग', मला दिसणार २६ किंवा २७, म्हणजे तितके शंभर फूट. मग मी क्यूएनएच पुन्हा सांगतो आणि तू तो पुन्हा वाचून दाखवतेस. अल्टीमीटर ज्या चुकीच्या आकड्यावर चालले त्याच्या बाहेरचा कुणीतरी लागतो. विमानात तसा एक आहे, रेडिओ अल्टीमीटर, पण तो खालच्या जमिनीपासूनचं अंतर सांगतो, पुढच्या डोंगराचं नाही.

रीडबॅकबद्दल, म्हणजे सूचना परत वाचून दाखवण्याबद्दल, एक राहिलंच. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर, फ्लाइंग टायगरचं मालवाहू ७४७. कंट्रोलर म्हणाला 'डिसेंड टू फोर झिरो झिरो', त्यातला 'टू' म्हणजे दोनचा आकडा, म्हणजे २,४००. कॉकपिटने ऐकलं ४०० फुटांपर्यंत उतरा. त्यांनी परत वाचतानाही 'फोर झिरो झिरो' असंच म्हटलं, आणि कंट्रोलरने ते जाऊ दिलं. विमानातली जमीन जवळ आल्याची यंत्रणा ओरडत राहिली, तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. टेकडीवर आदळून चौघं गेले. म्हणून उंची देताना 'अल्टिट्यूड' किंवा 'फ्लाइट लेव्हल' हे शब्द गाळायचे नसतात, आणि रीडबॅक ऐकताना पुढच्या विमानाचा विचार करायचा नसतो. दुसरं जमणं फार कठीण. गर्दीच्या वेळी आपण जे बोललो तेच परत ऐकू येतं, समोरचा काहीही म्हणो.

---

राजहंस_७०७:

काका, आमच्या जुन्नरकडे डोंगरात फार पूर्वी विमान पडलं होतं असं आजोबा सांगायचे. तेही असंच का?

---

सांताक्रूझचा_म्हातारा:

७ जुलै १९६२. अलितालियाचं डीसी-८, बँकॉकहून मुंबईला येत होतं, पावसाळी रात्र. ९४ माणसं होती, सगळी गेली. मुंबई जवळ आली असं वाटून त्यांनी उतरायला लवकर सुरुवात केली, विमान प्रत्यक्षात सह्याद्रीच्या पलीकडेच होतं. तो मात्र लक्ष भलतीकडे गेल्याचा प्रकार नाही, जागेचा अंदाज चुकल्याचा आहे, त्यामुळे या धाग्यात कोंबत नाही. वेगळा धागा काढा, त्या काळी मुंबईला उतरताना हाताशी काय काय होतं आणि काय नव्हतं ते लिहितो.